आजीची चंची आणि माझा खिसा

(अंबाजोगाईत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. मघाशी माझी ओळख 'फॅशन डिझायनर' अशी करून दिली. मी शिवणकाम करते. दुकान आहे, चार मशिनी आहेत, पिको-फॉल चालतं, आणि लग्नसराईत रात्री दोन-दोनपर्यंत ब्लाऊज शिवत बसते. एवढं दुरुस्त करते आणि विषयाकडे येते: आपली स्टाईल आपल्याला सापडते कुठं?

दुकानात हल्ली मापाच्या ब्लाऊजआधी मोबाईल पुढे येतो. 'ताई, सेम असंच पाहिजे.' फोटोतली मुलगी थंडगार स्टुडिओत उभी असते. आपली नवरी मे महिन्यात परळीच्या मंगल कार्यालयात बसणार असते, तेही पत्र्याखाली. मी सांगून बघते, की बाई, वेल्वेटची पूर्ण बाही आणि आत अस्तर, तू उकडून निघशील. ती ऐकत नाही. मी शिवून देते, कारण धंदा आहे. मग लग्नात तीच नवरी दस्तीनं मान पुसताना दिसते आणि अक्षता टाकताना मी नजर चुकवते.

पण मला हसायचा अधिकार नाही. एकोणीस वर्षांची असताना मी याहून वाईट केलंय. शिवणाचा कोर्स चालू होता. एका मासिकात घेरदार झग्याचं चित्र पाहिलं आणि आईची इरकल न विचारता कापली. इरकल तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असेल. तिकडे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला विणली जाते आणि आपल्या लातूर-धाराशिवकडच्या बायकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या नेसली. जुन्या इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमाचा. दोन्हींचं वजन वेगळं, पडणं वेगळं. मी दोन्हींचा एकच घेर कापला. एका बाजूला फुगा, दुसऱ्या बाजूला फडकं. आई दोन दिवस बोलली नाही. आजी मात्र तो झगा हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "कापायच्या आधी इचारायचं तरी, हे असं का हाय म्हणून."

मग तिनंच सांगितलं. अंग गर्द रंगाचं आणि सुती, कारण ते चुलीपुढं आणि रानात राबणार. डाग लपला पाहिजे, घाम पिला पाहिजे. पदर डोक्यावरून येतो, चारचौघीत तोच दिसतो, म्हणून रेशीम तिथं. पैसा थोडा होता, तो दिसेल तिथं लावला. मला कोर्समध्ये सहा महिन्यांत कुणी शिकवलं नव्हतं ते तिनं सुपारी कातरता कातरता सांगितलं.

तेव्हापासून एक सवय लागली. एखादा कपडा आवडला की त्याचा काप नंतर बघायचा, आधी तो असा का झाला ते शोधायचं. तुम्ही ज्याला आपली स्टाईल म्हणता ती मला या 'का'च्या उत्तरांत सापडत गेली. रूप उचललं की नक्कल होते. कारण उचललं तर ते आपल्या अंगावर येताना वेगळंच रूप घेऊन येतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत धारूर-माजलगावच्या रस्त्यानं जाताना खिडकीतून बघा. बायका लुगड्यावर किंवा पातळावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. डोक्याला रुमाल, कमरेला कापसाची ओटी. शहरात याच ढगळ शर्टाला ओव्हरसाईज म्हणतात आणि दोन हजार घेतात, ते सोडा. शर्ट का? वाळलेल्या बोंडाची टोकं मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडतात. ऊन आहे. फवारलेलं औषध झाडावर आहे. त्यात पुरुषाच्या शर्टाची बाही खाली घेता येते, वर सारता येते, गुंडी लावून मनगट बंद करता येतं. ब्लाऊजच्या बाहीला यातलं काही जमत नाही. मी एका बाईंना विचारलं, शर्टच का, बाह्या वेगळ्या शिवून का घेत नाही? त्यांनी छातीवर हात मारला. खिसा! खिशात मोबाईल, दहाची नोट आणि तंबाखूची पुडी. मला वाटलं होतं मी बाहीबद्दल विचारतेय.

त्या शर्टावरून मी एक कुर्ता काढला. कॉलर नाही, पण मनगटाला दोन गुंड्या, एक सैल आणि एक घट्ट. आजवर तो सगळ्यात जास्त शिक्षिकांनी नेला. फळ्यावर लिहिताना बाही वर, स्टाफरूममध्ये खाली. बघणाऱ्याला त्यात कापसाचं शेत दिसत नाही, आणि दिसूही नये.

आता चित्रांकडे येते. तुमची सहल अजिंठ्याला गेली असेलच. पहिल्या लेणीतला पद्मपाणी बोधिसत्त्व सगळे बघतात. त्याचा मुकुट, त्याचे डोळे. मला विचाराल तर कपडे बघा. पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं आहेत तिथं, आणि ते पट्टे मांडीवरून वळतात. वळणावरून मांडीची गोलाई कळते. पट्टा हा अंगाचा आकार सांगणारी रेघ आहे, हे त्या चित्रकारांना पक्कं माहीत होतं. आणि आपल्याकडे गिऱ्हाईक येतं ते 'आडवे पट्टे नको, जाड दिसते' म्हणत. आडव्या पट्ट्यानं जाड दिसत नाही हो, तो कुठून कुठं वळवला त्यानं दिसतं.

दुसरी गोष्ट रंगांची. गेरू, पिवळी माती, हिरवट दगड, चुना, काजळी; बहुतेक रंग त्या डोंगराच्या आसपासचेच. निळा मात्र लाजवर्दी दगडाचा, आणि तो दगड पार अफगाणिस्तानातून यायचा. म्हणून तो जपून वापरलाय, आणि जिथं आहे तिथं डोळा थांबतो. हे कळल्यावर मी घरी येऊन कपाट उघडलं. सतरा रंग, एकही माझा नाही. आता माझ्याकडे माती, गेरू, काळा आणि कोऱ्या कापडाचा पांढरा एवढंच असतं, आणि लांबून आणल्यासारखी एक निळी ओढणी. आज तीच आहे. (टाळ्या वाजवू नका, धुवायला झालीय.)

अमृता शेरगिल हे नाव काहींनी ऐकलं असेल. पॅरिसमध्ये शिकलेली चित्रकार. १९३६च्या सुमारास ती अजिंठ्याला आली आणि त्यानंतर तिच्या चित्रांची धाटणी पालटली. पण तिनं बोधिसत्त्व काढले नाहीत. १९३७मध्ये तिनं दक्षिणेतली साधी माणसं काढली. त्यांचं स्तब्ध बसणं, मातीचे रंग आणि सपाट, भरीव आकार अजिंठ्याच्या जवळचे. असं घ्यावं.

आणि नक्कलच करायची असेल तर हिमरूसारखी करा. संभाजीनगरचा हिमरू म्हणजे मुळात किनखापाची नक्कल. किनखाप रेशीम आणि सोन्या-चांदीच्या तारांचा, परवडायचा राजेरजवाड्यांना. विणकरांनी ताणा म्हणजे उभा धागा सुताचा घेतला, बाणा म्हणजे आडवा धागा रेशमाचा, आणि नक्षी तशीच उमटवली. सुतामुळे कापड हलकं झालं, उबदार झालं, शेरवानीला आणि शालीला चाललं. मागच्या बाजूला मात्र सुटे धागे राहतात, म्हणून अस्तर लागतं. पैठणीचं उलट आहे. तिची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी, उलटी करून दाखवा नाहीतर सुलटी. मी दोन्ही कापडं हाताळलीत. खरं सांगते, जीव माझा हिमरूवर आहे. आपल्याकडे काय नाही हे मान्य करून जे केलं जातं त्यात एक वेगळी हुशारी असते.

परदेशातलं एकच सांगते. १९६५ साली पॅरिसच्या ईव्ह साँ लोराँनं माँद्रियान या चित्रकाराच्या काळ्या रेघा आणि लाल-पिवळ्या-निळ्या चौकटी घेऊन झगे केले. लोकांना वाटतं चित्र छापलं असेल. नाही. प्रत्येक चौकट वेगळं कापड आहे, जोडून शिवलेलं, आणि अंगाला बसायला जे टक्स, म्हणजे कापड चिमटीत धरून घातलेल्या शिवणी, लागतात ते काळ्या रेघांच्या जोडात गडप केलेत. कुणी शिवणकाम करणारं असेल तर त्याला कळेल मी काय म्हणते ते. चित्रकाराची रेघ आणि शिंप्याची शिवण एक झाली.

आता एक अवघड गोष्ट. प्रत्येक जुन्या कपड्यामागचं कारण उचलण्यासारखं नसतं. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांना सांगितलं, की तुमच्या लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून, गळ्या-हातातल्या जड दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता; ते टाका. बायकांनी नेसण्याची तऱ्हा तिथल्या तिथं बदलली. त्या पेहरावाचं कारण सोय नव्हती, सौंदर्यही नव्हतं. कुणीतरी वरून ठरवून दिलेली खूण होती ती. म्हणून 'पारंपरिक लूक' असं सरसकट कुणी म्हटलं की माझी कातर थांबते. कुणाची परंपरा, आणि ती त्यांनी निवडली होती का? बाबासाहेबांचा सूट मी ती लादलेली खूण नाकारणं म्हणून वाचते. १९५०मध्ये त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. तिथं खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांनी पहिल्यांदा पँट घातली असेल, तेव्हा ती काही साहेबांची नक्कल नव्हती.

तांड्यावरच्या बंजारा बाईचं भरतकाम कापून पर्सला लावता ना, तेव्हाही हेच विचारा. ते काच आणि कवड्या तिनं स्वतःसाठी लावल्या होत्या. लावूच नका असं म्हणत नाही. तिच्याकडून विकत घ्या, आणि कुठला टाका कशासाठी ते तिलाच विचारा. बाजारातल्या दलालाला माहीत नसतं.

शेवटी चंची. आजीची चंची म्हणजे कापडाची घडीची पिशवी, आत कप्पे, बाहेरून गुंडाळायला दोरी. एका कप्प्यात पान, एकात सुपारी-कात, चुन्याची डबी, आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात पैसे. ती कमरेला खोचलेली असायची. झोपतानासुद्धा. मला वाटायचं पानाचं व्यसन. मोठी झाल्यावर कळलं, घरात तिच्या मालकीची अशी तेवढीच जागा होती. कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्याकडे, ट्रंकेच्या किल्ल्या दुसऱ्याकडे.

तेव्हापासून माझ्या दुकानातून बिनखिशाचा कपडा जात नाही. उजव्या शिवणीत, कमरेखाली चार बोटं, आत एक लहान कप्पा. शिलाई वीस रुपये जास्त पडते. काही नवरे कुरकुर करतात. गिऱ्हाइकं त्याला 'चंचीचा खिसा' म्हणतात. मी नाव दिलेलं नाही.

(प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीनं विचारलं: ताई, नवरीच्या शालूला कुठं लावणार खिसा?)

शालूला नाही लागत, परकराला लागतो. गेल्याच हंगामात एक शिवला. मांडवात आहेराची पाकिटं आली. नणंद हात पुढं करून उभी होती. पोरीनं निऱ्या जराशा बाजूला सारल्या आणि एकेक पाकीट सावकाश आत सोडलं.