दुसऱ्या पुस्तकापासून

नमस्कार. ‘अर्थसी मालिका कोणत्या क्रमाने वाचावी’ हा आजचा विषय आहे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या या जादूच्या मालिकेतली सहाही पुस्तके वाचलेली आहेत, तेव्हा त्यांतला जादूगार गेड कोण आणि रोक बेटावर जादू शिकताना त्याच्या हातून काय घडले, हे मी सांगत बसणार नाही. क्रमाकडे मी येणारच आहे. पण माझा स्वतःचा क्रम कसा बिघडला, आणि तो बिघडला याचा मला आजही आनंद का वाटतो, ते आधी सांगू द्या.

मी नववीत असताना आमच्या वाचनालयाच्या बालविभागात या मालिकेतले एकच पुस्तक होते, ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’, म्हणजे दुसरे. पहिले कोणीतरी नेले होते आणि परत आणलेच नव्हते. ते पुन्हा मागवावे म्हणून मी तीनदा अर्ज दिला आणि तिन्ही वेळा मला एकच उत्तर मिळाले, की मुलांच्या जादूच्या गोष्टींवर एवढा खर्च करता येत नाही. हे शब्द मला अजून टोचतात, कारण माझ्या हातातल्या पुस्तकात एका लहान मुलीकडून तिचे नाव काढून घेतले जात होते.

आठवून पाहा. संध्याकाळ आहे, सफरचंदाची झाडे फुलायला आली आहेत आणि आई हाक मारते आहे, ‘तेनार, घरी ये.’ पुढे तिला वाळवंटातल्या थडग्यांपाशी नेतात, तिथल्या अनाम शक्तींना वाहतात आणि ती ‘आर्हा’ होते. आर्हा म्हणजे जी गिळली गेली ती. आपल्याकडे लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात. माझ्या आईचेही तसेच लिहिले गेले होते. घरात, रेशनकार्डावर, आमच्या शाळेच्या दाखल्यावर सगळीकडे तेच नाव. पण मामा आला की दारातूनच तिला माहेरच्या नावाने हाक मारायचा, आणि स्वयंपाकघरातून आई जी ‘ओ’ द्यायची तो आवाज एरवी आम्हाला कधी ऐकू येत नसे. त्यामुळे गेड आर्हाला पहिल्यांदा ‘तेनार’ म्हणतो ते पान मी वाचले तेव्हा मला आमचे स्वयंपाकघर दिसले. वाचनालयाच्या मुदतीत मी ते पान किती वेळा वाचले असेल, याची गणती नाही.

आता या गेडविषयी. ज्यांनी १९६८ चे पहिले पुस्तक आधी वाचले, त्यांच्यासाठी थडग्यांखालच्या गुहेत शिरणारा माणूस ओळखीचा असतो. त्याच्या गालावरचे व्रण कुठून आले, हेही त्यांना ठाऊक असते. मला तो केवळ चोर होता. त्या गुहेत उजेड न्यायला सक्त मनाई आहे. आर्हा ती हाताच्या स्पर्शाने आणि पावलांच्या अंदाजाने ओळखते. एके दिवशी तिला तिथे उजेड दिसतो. एका परक्याच्या काठीच्या टोकाशी तो पेटलेला असतो, आणि ज्या भिंती तिने केवळ चाचपडून जाणल्या त्या स्फटिकांनी लखलखत असतात. तिला राग येतो, भीती वाटते आणि तरी नजर हलत नाही. मीही त्या माणसाकडे तिच्याच डोळ्यांनी पाहत होते. पहिले पुस्तक आधी वाचणाऱ्यांना हा अनुभव मिळत नाही, आणि एकदा हुकला की पुन्हा मिळवता येत नाही.

दहाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता मुख्य मुद्दा भराभर मांडते. दुसरे पुस्तक १९७१ चे, तिसरे १९७२ चे. तिसऱ्यात मृतांच्या प्रदेशाचे दार बंद करताना गेड आपली सारी शक्ती गमावतो. मग तब्बल अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘तेहानू’ येते. त्यात तेनार एका शेतकऱ्याची विधवा आहे, शेजारीपाजारी तिला गोहा म्हणतात, तिच्या घरी भाजलेली एक मुलगी आहे आणि गेडजवळ जादू उरलेली नाही. नायकाला असे रिकामे का केले, अशी अनेक वाचकांची तक्रार असते. मालिका गेडची मानली तर ती रास्त आहे. मी मात्र ती तेनारची म्हणून वाचायला घेतली होती, त्यामुळे ‘तेहानू’ हेच मला अपेक्षित पुढचे पुस्तक वाटले: गिळलेली मुलगी मोठी होऊन काय करते, या प्रश्नाचे उत्तर.

म्हणून नव्या वाचकाला मी दुसरे, पहिले, तिसरे, चौथे असा क्रम सुचवते. उरलेली दोन्ही २००१ ची आहेत. त्यांपैकी ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ आधी घ्यावे, कारण त्यातल्या शेवटच्या कथेतली इरियन ‘दि अदर विंड’मध्ये पुन्हा भेटते आणि तिथे ती ओळखीची असायला हवी.