सातवा महिना आणि लेहची हवा

[दृश्य : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक घर. सोप्यात तांब्याला टेकवून उभा केलेला फोन.]

फोन लेहहून आलाय. पलीकडं जवान, अलीकडं त्याची बायको. तिचा सातवा सरत आलाय.

"जिना चढलं तरी दम लागतोय की गं इथं," तो म्हणतो.

"मला तर इथं बसूनबी लागतोय!"

दम दोघांचा खरा, कारणं वेगळी. तिला प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणातलं संप्रेरक जास्त श्वास घ्यायला लावतंय. त्याला उंची.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण दोन्हीकडं तेच, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रकाठच्या जेमतेम दोनतृतीयांश, त्यामुळं तेवढ्याच श्वासात ऑक्सिजनही कमीच आत जातो.

"मग मीच येऊ काय तिकडं महिनाभर?" ती विचारते. सासूबाई आतून हसतात. पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही.

[दृश्य : कणकुंबी, मलप्रभा नदीच्या उगमाचं गाव. पावसातली मलप्रभा.]

पोटातलं बाळ तसंही थोडक्या ऑक्सिजनवरच वाढतं. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी गर्भाशयाला एव्हरेस्टचीच उपमा दिली होती. बाळाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, म्हणून त्याचं भागतं. अट एकच, आईकडून रक्त भरपूर यायला हवं. त्यासाठी गर्भारपणात गर्भाशयाची धमनी रुंदावत जाते, पार दुप्पट होते. पाऊस लागला की कणकुंबीतली ही बारकी धार पात्र भरून वाहते, तसंच.

सखल मुलखातून उंचावर गेलेल्या बाईची ही धमनी तेवढी रुंदावत नाही. मग वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, तिला रक्त कमी पडतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हे मोजलं गेलं. दर १,००० मीटर उंचीमागं बाळाचं जन्मवजन साधारण १०० ग्रॅमनं घटतं. दिवस अपुरे राहिले म्हणून नव्हे, बाळ पोटातच कमी वाढतं, आणि ही तूट मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत पडते. आईचं बीपी वाढून होणारा प्रीएक्लॅम्प्सियाही उंचावर जास्त. म्हणजे आता, आठव्याच्या तोंडावर, तिकडं जायचं काढूच नये.

[दृश्य : नकाशा. बोलिव्हिया, मग तिबेट.]

स्पॅनिश लोकांना हे फार महागात पडलं. १५४५ साली चांदीच्या खाणीपायी त्यांनी ४,००० मीटरवर पोटोसी वसवलं. जुन्या बखरकारानं लिहून ठेवलंय की तिथं जन्मून जगलेलं पहिलं स्पॅनिश मूल दिसायला ५३ वर्षं गेली. बायका बाळंतपणाला खालच्या खोऱ्यात उतरायच्या. आणि त्याच डोंगरावर तिथल्या मूळच्या बायकांची मुलं वाढत होती.

हा फरक हजारो वर्षांच्या वस्तीचा. अँडीजमधल्या बायकांची गर्भाशयाची धमनी उंचीवरही चांगली रुंदावते. तिबेटी लोकांची तऱ्हा आणखी निराळी. उंचीवर गेलं की आपलं रक्त दाट होतं, त्यांचं तेवढं होत नाही. हे ईपीएएस-१ जनुकाच्या एका खास रूपामुळं, आणि ते रूप त्यांच्याकडं आलंय डेनिसोव्हन या लोप पावलेल्या मानवांकडून. आजेपणजे कुठल्या कुठं जाऊन पोचतात बघा!

[दृश्य : तायी कार्ड. जवळून.]

आशाताई आल्यात. तायी कार्ड म्हणजे कर्नाटकात गर्भार बाईला मिळणारं माता कार्ड. त्यावरची अक्षरं कन्नड, बोलणं मराठीत. हिमोग्लोबिनच्या रकान्यात निळ्या पेनानं आकडा : ९.८. गर्भारपणात शेवटच्या तीन महिन्यांत शंभर मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमच्या खाली म्हणजे पंडुरोग, रक्त कमी. उंचीवर हीच रेघ आणखी वर सरकते, लेहला अडीच ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली ही दुरुस्ती ५०० मीटरपासूनच धरायला सांगितलंय, तेव्हा बेळगावही थोडंफार त्यात आलंच.

रक्तच कमी असलं तर बाळाकडं जाणारा ऑक्सिजन इथं सपाटीवर बसूनही आटतो. लेह लांब आहे, हे कार्ड इथं उशाशी आहे. मला तरी जास्त काळजी त्यावरच्या आकड्याचीच वाटते.

फोन अजून चालूच आहे.

"किती आलं?"

"नऊ पॉइंट आठ."

"गोळ्या घेतीस न्हवं?"

ती गप्प. सासूबाई फडताळातून लोहाच्या लाल गोळ्यांचं पाकीट काढून कॅमेऱ्यासमोर धरतात. दहातल्या सात तशाच.