गोळ्यांची डबी मुलांच्या हाती नको

श्रोतेहो, नमस्कार.

माया फोर्ब्स यांचा ‘इन्फिनिटली पोलर बेअर’ हा चित्रपट २०१४ साली आला. गोष्ट बोस्टनमधली, सत्तरच्या दशकाच्या अखेरची. वडिलांना बायपोलर आजार, म्हणजे मन कधी अतिउत्साहाच्या टोकाला (उन्माद), तर कधी खोल उदासीत. आई एमबीए करायला न्यूयॉर्कला जाते आणि दोन शाळकरी मुली वडिलांच्या हवाली होतात. फोर्ब्स यांनी त्यात स्वतःचंच बालपण मांडलंय आणि थोरल्या मुलीचं काम त्यांच्याच लेकीनं केलंय. एका प्रसंगात बाप रात्रभर जागून मुलीसाठी स्कर्ट शिवतो. प्रेक्षक खूश होतात. मानसोपचारतज्ज्ञ मात्र विचारेल, सकाळी हा माणूस दमला होता का?

दोन-तीन तास झोप होऊनही उत्साह उतू जातोय, असं सलग दोन रात्री झालं तर तिसरीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. उन्मादाची पहिली खूण बहुधा झोपेतच दिसते. मग बोलण्याचा वेग वाढतो, खर्च वाढतो. पंचाईत अशी, की मुलांना हेच दिवस आवडतात. आई हसते, बाबा मध्यरात्री आइस्क्रीम आणतात! त्यामुळे पहारा मुलांवर सोपवून चालत नाही.

आता या आजारावरच्या लिथियम या औषधाबद्दल, कारण चित्रपटात गोळी दिसते, पण रक्ततपासणी कुणी दाखवत नाही. हे औषध जुनं आणि गुणकारी आहे, पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. म्हणून रक्तातली पातळी मोजतात. दीर्घकाळच्या उपचारात ती साधारण ०.६ ते ०.८ मिलीमोल प्रति लिटर असावी लागते, १.५ च्या पुढे धोका स्पष्ट असतो. नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचा, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असेल तर ती नमुना दिल्यावर. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की आकडा फुगून येतो आणि डॉक्टर विनाकारण डोस कमी करतात. मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणी साधारण सहा महिन्यांनी.

आपल्या घरांत गडबड होते ती उपासात. हरतालिकेचा निर्जळी उपास, वैशाखातलं ऊन, जुलाब, किंवा रक्तदाबासाठी एकाएकी सुरू केलेलं अळणी जेवण. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तेच करते. हात जोरात थरथरणं, उलट्या, झोकांड्या, जड जीभ, यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता थेट रुग्णालय गाठावं. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या वेळी दुप्पट देऊ नये. आणि बरं वाटतंय म्हणून एकदम बंद तर मुळीच करू नये. आजार पुष्कळदा अशाच वेळी उलटतो.

हे सगळं सांभाळायला घरात एक प्रौढ माणूस हवा. आजी, मामा, आत्या, कुणीही. आठवड्याची डबी त्यानंच भरायची. बारा वर्षांच्या मुलीला ‘बाबांनी गोळी घेतली का बघ’ म्हटलं की बाबा बिघडले तर दोष आपला, असं ती मनाशी धरते. मुलांना आजाराचं नाव सांगावं. ‘बाबांना ताप आलाय’ असलं काही नको. तुझ्यामुळे झालं नाही, तुझ्या रागावण्यानं वाढलं नाही आणि तू बरं करायचं नाहीस, एवढं स्पष्ट शब्दांत, आणि एकदा नव्हे, अनेकदा सांगावं. वाईट रात्री कुणाच्या दारात जायचं, कुणाला फोन करायचा, ते कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. त्यात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर असू द्या. तो चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर ११२.

आणखी एक कागद बऱ्या दिवसांत करून ठेवावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्ण आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा माणूस, स्वतः निवडू शकतो. नेमणुकीला साधा कागद आणि रुग्णाची सही किंवा अंगठा चालतो, मात्र प्रतिनिधीची लेखी संमतीही लागते. प्रतिनिधी अज्ञान असून चालत नाही, म्हणजे अठरा वर्षं पुरी झालेली असावी लागतात. घरातली थोरली कितीही समजूतदार असली, तरी सतराव्या वर्षी तिचं नाव तिथं लिहिता येत नाही.