बियाण्यासोबतची ती छोटी पुडी

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात जनुकीय पिकांचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो: हे आमच्या ताटात येणार का? मंडळी, ते कधीच आलंय. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याच कपाशीच्या सरकीचं तेल आपल्या खाण्यात येतं आणि पेंड गायी-म्हशींच्या दावणीत जाते.

मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कपाशीत घातला आणि बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार होऊ लागलं. फवारण्या घटल्या, शेतकऱ्यांनी आपणहून हे बियाणं उचललं. हे नाकारू नये. पण पाकिटासोबत 120 ग्रॅमची एक पुडी यायची, साध्या, बिगर-बीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेनं लावायची. तिथे वाढलेल्या अळ्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी जुळले, तर पुढची पिढी बीटीनं मरण्याजोगी राहते. हे बांधावर येऊन कुणी समजावलं? पुष्कळ पुड्या फेकल्या गेल्या. त्यात फरदडीची सवय. डिसेंबरनंतरही कपाशी उभी, म्हणजे शेंदरी बोंडअळीला आयतं खाद्य. 2017 च्या हंगामात व्हायचं ते झालं. फूल उमलेना, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. हीच डोमकळी, उकलली की आत अळी. बोंड वरून हिरवंगार, आत सरकी पोखरलेली.

बीटी वांगं 2010 पासून स्थगितीत आहे. जनुक बदललेल्या मोहरीवर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. वाद चालूच राहणार.

तरी मला सरसकट बंदी नको. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला परवानगी नाही, तरी 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ती उघडपणे पेरली. बंदी असली तरी बियाणं मिळतं. मिळत नाही ती पावती. मग उगवलं नाही तर तक्रार कुठे करायची? म्हणून माझा आग्रह आहे की चाचण्यांचे आकडे मराठीत, ग्रामसभेत मांडा. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, तेव्हा घरचं बी राखता येईल असे सरळ वाणही द्या. आणि परवानगी देताना पुढची दहा वर्षं शेतावर कोण येणार, हे लिहून द्या.

तुमच्यापैकी कुणाची गावाकडे कपाशी असेल, तर फुलोऱ्यात घरी फोन करा. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावायला सांगा, आणि डोमकळ्या दिसतील तशा तोडून अळीसकट नष्ट करायला सांगा.