ई-बुक रीडरची स्क्रीन मध्येच काळी का होते, आणि ते सेटिंग कितीवर ठेवायचं?

(रीडर हातात, कॅमेऱ्यासमोर पान उलटत)

हे बघा. पान उलटलं, काही नाही. परत उलटलं, काही नाही. आता नीट बघा हं... दिसलं? क्षणभर सगळी स्क्रीन काळी, मग पांढरी, मग अक्षरं. नवीन रीडर घेतलेल्याच्या पोटात इथेच गोळा येतो. एवढे पैसे घातले आणि पहिल्याच आठवड्यात डिस्प्ले गेला! गेला नाहीये. त्याने फक्त फळा पुसला.

फळाच म्हणा याला. काचेखाली केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असतात, लाखोंनी. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे-काळे कण. पांढऱ्यांवर धन भार, काळ्यांवर ऋण. खालून वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा तळाला बसतो. वीज काढून घेतली तरी कण जागचे हलत नाहीत. म्हणून तर बॅटरी आठवडे-आठवडे पुरते. पण चिकटून बसायची हीच सवय नडते. पान उलटताना काही चुकार कण मागच्याच पानात रमलेले असतात. डस्टर नीट न फिरवता फळ्यावर नवीन गणित लिहिलं की खाली जुनं दिसतं ना, तसं. याला घोस्टिंग म्हणतात. भूतच ते!

(जवळून)

हे पान मी मुद्दाम न पुसता पुढे-पुढे आणलंय. परिच्छेद संपतो ती मोकळी जागा बघा. फिकट आडवी रेघ दिसते? ती मागच्या पानाची शिरोरेखा. आपलं भूतसुद्धा सलग रेघेत येतं. आता वर बघा, मजकूर भरलेल्या जागी काहीच दिसत नाही. कारण कादंबरीत ओळी प्रत्येक पानावर साधारण त्याच उंचीवर येतात आणि जुनी रेघ नव्या रेघेमागे लपते.

इथेच सेटिंगचं उत्तर मिळतं. नुसता मजकूर वाचत असाल, तर सारखं पुसायची गरज नाही. कोबो कंपनीच्या रीडरवर दर एक ते सहा पानांनी किंवा प्रकरण संपल्यावर पुसायचं, असा पर्याय मिळतो. कादंबरीला मी प्रकरणावर ठेवतो. ॲमेझॉनच्या किंडलवर आकडा नाही. रीडिंग ऑप्शन्समध्ये पेज रिफ्रेश नावाचं बटण आहे. चालू केलं की प्रत्येक पानाला लखलखाट, बंद ठेवलं की कधी पुसायचं ते यंत्र ठरवतं. बंदच ठेवा. 2007 साली पहिलं किंडल आलं तेव्हा प्रत्येक पानाला लखलखायचं, आणि लोक तसंच वाचायचे बरं का!

चित्रं, नकाशे, कॉमिक्स, स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर मात्र सरळ एका पानावर आणा, किंडलवर ते बटण चालू करा. तिथे काळ्याचे मोठे ठोकळे असतात, आणि एका पानावरचा मिशीवाला पुढच्या पानावरच्या आभाळात तरंगायला लागतो. बॅटरी जाईल म्हणून जीव खाली-वर करू नका. तिला खरं खातात ते फ्रंटलाइट, म्हणजे स्क्रीन उजळणारा दिवा, आणि वायफाय.

आता मोड, म्हणजे स्क्रीन पान कसं काढते त्याच्या पद्धती. बूक्स कंपनीच्या रीडरसारख्या अँड्रॉइड रीडरवर हे जास्त सापडतात. नेहमीच्या मोडमध्ये करड्याच्या 16 छटा मिळतात आणि पूर्ण पान काढायला साधारण अर्धा सेकंद लागतो. ए-टू नावाचा वेगवान मोड तेच काम सुमारे 120 मिलिसेकंदांत उरकतो. कसं? करडा रंगच सोडून देतो. काळा नाहीतर पांढरा, मधलं काही नाही. ब्राउझरमध्ये बोटाने पान सरकवायला उत्तम. पण अक्षराची गोलाई त्या करड्या कडांवरच उभी असते. त्या गेल्या की रफार तुटका दिसतो, अनुस्वार चौकोनी होतो, ‘द्ध’ आणि ‘ट्ट’ म्हणजे नुसता गुंता. जुन्या मराठी पुस्तकाचं स्कॅन उघडलंत तर पिवळ्या पानाच्या जागी कांजण्या उठल्यासारखे ठिपके.

माझी फजिती सांगतो. बातम्या वाचायला वेगवान मोड लावला आणि विसरलो. मग आठवडाभर एक कादंबरी वाचली. अक्षरं खरखरीत दिसतात म्हणून तीन फाँट बदलले, चष्म्याचा नंबर वाढला की काय म्हणून डोळेही तपासून आलो. तेव्हा मोड प्रत्येक ॲपला वेगळा लावता येत असेल, तर वेगळाच लावा.

रंगीत स्क्रीनवाल्यांनी थोडं सढळ हाताने पुसावं. कॅलिडो 3 नावाच्या रंगीत स्क्रीनमध्ये काळं-पांढरं 300 पीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके, आणि रंग 150 पीपीआय असतो. मुळातच रंग फिका, त्यात भूत मिसळलं की चित्र मळकट दिसतं. आणि परदेशात कडाक्याच्या थंडीत बस स्टॉपवर वाचणाऱ्यांनो, थंडीत द्रव घट्ट होतो, कण सुस्तावतात. तिथे भुतं जास्त दिसणारच. घरात आलात की आपोआप कमी होतील.

सेटिंगमध्ये शिरायचाच कंटाळा आला असेल, तर पॉवरचं बटण एकदा दाबा. स्क्रीन झोपवा, परत उठवा. पान नव्याने काढलं जातं. मघाची ती रेघ आठवतेय ना, परिच्छेदाखालची?

(बटण दाबून दाखवत)

गेली बघा.