साखर सोडली, साबुदाणा राहिला

श्रोतेहो, नमस्कार. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसीचा आकडा ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आला आणि डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे निदान केले, की आपल्या घरांतून सर्वांत आधी चहातली साखर हद्दपार होते. ते योग्यच आहे, परंतु पुष्कळ घरांत पथ्य तिथेच संपते. चहाच्या चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर असते, तर शिजलेल्या भाताच्या मोठ्या वाटीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि पचनानंतर त्यांचीही साखरच होते. पुन्हा सांगतो, केवळ गोड टाळून भागत नाही, ताटातली कर्बोदके कमी करावी लागतात.

नागपूरच्या महाल भागात आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांची सारी नोकरी जमाखर्च तपासण्यात गेली, त्यामुळे मधुमेह कळताच त्यांनी ग्लुकोमीटर आणला आणि एका वहीत रकाने आखून जेवणाआधीची व जेवणानंतर दोन तासांची शुगर लिहायला सुरुवात केली. काही आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आले, की सर्वांत मोठा आकडा नेमका गुरुवारी, म्हणजे उपवासाच्या दिवशी येतो आणि तोही अडीचशेच्या पुढे. आधी त्यांनी यंत्रावर ठपका ठेवला आणि पट्ट्यांची नवी डबी आणली, तरी गुरुवार बदलेना. मग संशय काकूंवर गेला. खिचडीत साखर पडते काय, अशी रीतसर विचारणा झाली तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, चिमटीभरही टाकली नाही मी. साबुदाणा आणि बटाटा ताटभर खाता, ते नाही लिहीत तुम्ही वहीत!” ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसण्यावारी नेतो, पण काकांच्या वहीत ती आकड्यांनिशी सिद्ध झाली होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नावापुरतीच. पुढच्या गुरुवारी काकूंनी दही, पनीर आणि दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर वाढली. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत आला आणि काकांनी त्याभोवती लाल शाईने गोल काढला.

त्यानंतर त्यांनी तर्री-पोह्यांचीही तपासणी केली. इतकी वर्षे ते तर्रीला दोष देत होते, प्रत्यक्षात तर्रीतले हरभरे निर्दोष सुटले आणि पोहे दोषी ठरले. आता ते टपरीवर हरभरे जास्त आणि पोहे मूठभर मागून घेतात. टपरीवाल्याला प्रथम हा अपमान वाटला होता.

नागपूरकरांच्या ताटात कमी कर्बोदकांच्या आहाराला अनुकूल पदार्थ कमी नाहीत. अंबाडीची किंवा पालकाची भाजी, वांग्याचे भरीत, ताक, अंडी, बेताच्या तेलातले सावजी चिकन यांनी पोट भरते. पाटवडीही चालते, मात्र बेसनातही कर्बोदके असतात, तेव्हा प्रमाण राखावे. ज्वारीची भाकरी ‘शुगरला चालते’ म्हणून तीन खाल्ल्या, तर १०० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जातात. संत्रे खायचे तर एखादे, फोडी सोलून खावे. तीन-चार संत्री पिळून गाळलेला पेला पाहुण्यापुढे ठेवण्याला आपण आदरातिथ्य म्हणतो, हे मला कधीच पटलेले नाही, आणि पाहुणा मधुमेही असेल तर मुळीच नाही.

आता औषधांविषयी, आणि हे नीट ऐकावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात-पोळी एकदम कमी केली, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके फार कमी केली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्लता निर्माण होण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाणही विचारूनच ठरवावे. पुन्हा सांगतो, ताट बदलण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि गोळी स्वतःहून बंद करू नये. आकडे सुधारू लागले, की मात्रा तेच कमी करतील. नमस्कार.