वायर नाही, जोड तापतो

हे लाकडी पट्टीवरचं वायरिंग बघा, जुन्या बिल्डिंगमध्ये अजून दिसतं, आणि वायरीचं टोक सोललं की कितीतरी ठिकाणी आत तांबं नाही, पांढरट ॲल्युमिनियम निघतं. तांबं महाग, हे स्वस्त आणि हलकं, एवढाच हिशोब.

अमेरिकेत पण हेच झालं. १९६५ च्या सुमाराला तांब्याचा भाव चढला आणि १९७३ पर्यंत अंदाजे २० लाख घरांत ॲल्युमिनियमची वायर बसली. मग १९७४ साली न्यूयॉर्क राज्यात हॅम्प्टन बेजला एक घर पेटलं, दोन माणसं गेली, आणि कारण निघालं एका प्लग पॉइंटमागचा ॲल्युमिनियमचा जोड. पुढे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पाहणीत दिसलं की १९७२ च्या आधीच्या अशा घरांत जोड आग लागण्याइतका तापायची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट जास्त.

आता इथं नीट ऐका. नुसती वायर वाईट नाही, गावावरून जाणारी मोठी लाइन ॲल्युमिनियमचीच असते आणि वर्षानुवर्षं चालते. घोळ होतो स्क्रूखाली. लोड आला की ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, मऊ असल्यामुळे स्क्रूखाली चेपतं, थंड झालं की आकसतं आणि बारीकशी फट राहते, त्या फटीत हवा लागून ऑक्साइडचा थर बसतो जो वीज जाऊच देत नाही, मग जोड अजून तापतो, अजून ढिला होतो, रोज गिझर लावला की रोज थोडं थोडं. आणि मला सगळ्यात भीती वाटते ती याची की एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही! करंट जास्त नसतोच ना, त्यामुळे एमसीबीला सगळं ठीक दिसतं आणि तिकडं बटणामागचं प्लास्टिक वितळत असतं.

त्यात आपल्याकडं एसीचा नवा पॉइंट काढताना तांब्याची वायर जुन्या ॲल्युमिनियमला पिळतात आणि वर काळी टेप मारतात. हात जोडून सांगतो, असं करू देऊ नका. दोन धातू चिकटलेले, त्यात पावसाळ्याची ओल, ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. शिवाय तांब्याची दीड एमएमची (दीड चौरस मिमी छेदाची) वायर चालते तिथं ॲल्युमिनियमची अडीचची लागते, म्हणजे तेवढ्याच जाडीची जुनी वायर कमी लोड घेते आणि तिला एसी झेपणं कठीण.

खरा इलाज म्हणजे नवं तांबं ओढणं, खर्च आहे, मान्य. पण तोवर आज गिझर बंद केल्यावर त्या स्विचच्या प्लेटला हात लावून बघा. गरम लागली, कडेला पिवळी पडली असेल, जळका वास येत असेल तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. तो आला की वायरीचं टोक ब्लेडनं खरवडून दाखवायला सांगा, कारण जुन्या रबरी वायरीतलं तांबंही कल्हईमुळे वरून पांढरंच दिसतं, खरवडल्यावर आतून तांबूस निघतं.